दोरीवर वाळत घातलेलं

“टमाटे आहेत ते. वाळवलेले,” देविदास म्हणाला आणि त्यानं रिमोटचं बटण दाबलं.

दोरी गेली. दोरीखाली माकडटोपी घालून उभा असलेला देविदास गेला, त्याच्या तोंडातून अर्धी बाहेर लोंबणारी काळपट पट्टी गेली, आणि टीव्हीवर ऊन पडलेला बर्फाचा डोंगर आला. “अहाहा!” सोफ्यावर मांडी घालून बसलेले शेजारचे गुंडप्पा म्हणाले. आडतीचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून गुंडप्पांना जगातली प्रत्येक गोष्ट अहाहा वाटायची. त्यांच्या बायकोनं, कावेरीबाईंनी, “तिकडं एवढा बर्फ आन् आपल्याकडं घागरभर पाणी न्हाई,” म्हणून उसासा टाकला. कुणाला काही खटकलं नाही. खटकण्यासारखं काही घडलंच नव्हतं. दोरीवर काय वाळत घातलंय असं गुंडप्पांनी सहज विचारलं होतं आणि त्यांना सहज उत्तर मिळालं होतं. चांगुणा तेवढी स्वयंपाकघराच्या दारात चुरमुऱ्यांच्या सुशील्याच्या बशा धरून उभी राहिली. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथं पायरीच नसावी, तसं तिला झालं.

तिनं बशा टीपॉयवर ठेवल्या आणि ती कडेच्या खुर्चीत बसली. डोळे टीव्हीकडे होते, पण दिसत काहीच नव्हतं. टमाटे! हे ह्यांना सुचलं कसं, हा तिच्या मनातला पहिला प्रश्न. एवढ्या झटकन सुचलं म्हणजे आधीच ठरवून ठेवलेलं असणार. लेकीनं पाठवलेला पेनड्राइव्ह हाती आल्यापासून हा माणूस दुपारचा दार लोटून एकटाच फोटो बघत बसायचा, तो काय डोंगर बघत होता होय? बरं, एवढीच लाज होती तर तो फोटो काढून टाकायचा. नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला एवढं येत नाही? काढला नाही. ठेवला, आणि ठेवून वर टमाटे म्हणाला. चांगुणाला राग यायला हवा होता. राग आला असता तर तिला बरंच वाटलं असतं. तिला नुसतं एकटं वाटलं, भरल्या घरात, गुंडप्पा अहाहा करत असताना. डोंगरावरून परत आल्यापासून ती एका समजुतीवर खुशाल जगत होती. तिला वाटत होतं, ती गोष्ट मिटली, हे सुटले एकदाचे. आता आपल्या घरात आपल्या आईचं नाव मोकळेपणानं घेता येईल, तिच्या हातचं जे होतं ते करता येईल, खाता येईल. आणि इथं एका बटणात सगळं होतं तिथं परत गेलं.

तसं बघितलं तर ते दोघं डोंगरावर गेले तेही पाण्यापायीच. गेल्या मिरगात लातूरला पाऊस फिरकला नाही. नळ मुका झाला, बोअरमधून नुसती हवा यायला लागली. सिंधू, त्यांची एकुलती लेक, पेरू देशात आलूवर आणि वाळवणांवर संशोधन करते. (त्या देशाच्या नावावर करायचे ते सगळे विनोद गल्लीनं ती गेली तेव्हाच उरकून घेतले होते.) तिचा फोन आला. “आई, तिथं अंघोळीला पाणी नाही आणि बाबा टँकरच्या लाइनीत भांडतात म्हणे. इकडं या दोघं. माझ्याकडं गरम पाण्याचा नळ आहे.” गरम पाण्याचा नळ म्हटल्यावर देविदास विरघळला. दुष्काळात माणसं पोट घेऊन पुण्या-मुंबईला जातात, सोनकांबळे नवराबायको अंघोळीसाठी दक्षिण अमेरिकेत निघालेत, असं तो स्वतःच गल्लीभर सांगत सुटला. चांगुणानं ज्वारीचं पीठ घेतलं, तूरडाळ घेतली, जवसाची चटणी घेतली. विमानतळावरच्या पोरीनं चटणीचा डबा उघडून नाकाशी नेला आणि तिला अशा काही शिंका लागल्या, की तिनं हातानंच जा जा म्हणून सांगितलं. एवढ्या लांबच्या प्रवासात चांगुणाला तेवढीच गोष्ट पुरती कळली होती.

सिंधूचं गाव आभाळाला टेकलेलं. तिथं पहिल्या दिवशी चांगुणाचं डोकं ठणकायला लागलं आणि जिना चढताना देविदासला प्रत्येक पायरीवर बसावं लागलं. सिंधूनं कसल्याशा पाल्याचा चहा करून दिला. देविदासनं चहा ठेवला बाजूला आणि पालाच गालात धरला, तिथले म्हातारे धरतात तसा, आणि मग तो दिवसभर गाल फुगवून गावभर हिंडायला लागला. तूरडाळ काही केल्या शिजेना. तास गेला, दुसरा गेला, डाळ आपली दगडासारखी. “इथं पाणी लवकर उकळतं आई, पण तापत नाही,” सिंधू म्हणाली, आणि उकळलेलं पाणी तापत कसं नाही हे कोडं चांगुणानं देविदासवर सोडून दिलं. बाजारात आलू होते जांभळे, काळे, लाल, पोराच्या बोटांएवढे, गाठी आलेले. टोपी घातलेल्या बाया ते तागडीत तोलायच्या आणि तोलून झाल्यावर वरून एक मूठ अशाच टाकायच्या, बिलोलीच्या बाजारात भाजीवाल्या टाकतात तशी. त्या एका मुठीनं चांगुणाला ते गाव आपलं वाटायला लागलं. मक्याची आंबवलेली पेज प्यायच्या आधी तिथली माणसं चार थेंब भुईवर सांडायची. लातूरकडं येळवशीच्या अमावस्येला शेतात आंबील शिंपतात तसंच की हे, असं ती देविदासला म्हणाली आणि तिनंही चार थेंब सांडले, जरा जास्तच सांडले, कारण ती पेज लई आंबट होती. एका घरात चुलीपाशी गुबगुबीत, बिनशेपटीची जनावरं कुईकुई करत फिरत होती. “हे उंदरं हायत का ससे?” देविदासनं विचारलं. “दोन्ही नाही बाबा, ते जेवण आहे,” सिंधू म्हणाली. जेवण आख्खंच ताटात आलं, दातांसकट. देविदासनं ताट हळूच फिरवून ठेवलं. “ते माझ्याकडं बघून राहिलं,” तो म्हणाला आणि त्यानं आलू खाल्ले.

“वहिनी, हे काय करून राहिलात?” गुंडप्पांच्या आवाजानं चांगुणा पुन्हा खुर्चीत आली. टीव्हीवर ती स्वतः होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय उघडे, आणि पायाखाली गोठलेले आलू. बाजूला टोपीवाल्या दोघी-तिघी तोंड भरून हसणाऱ्या. “तुडवून राहिले,” ती म्हणाली. “रात्री गारठ्यात पसरतात, सकाळी तुडवून पाणी काढतात, मग उन्हात. वाळला की धोंडा. वर्षानुवर्षं टिकतो.” गुंडप्पांना ते फार पटलं. “म्हणजे आलूचे सांडगेच की!” ते म्हणाले आणि बायकोकडे बघून, “आपण करू या का?” असंही म्हणाले. “तुडवायला तुम्हीच या,” कावेरीबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले, देविदास सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. तो हसला की त्याचा गळा हलतो, लग्नाआधीपासून हलतो. चांगुणानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. हाच माणूस तिथं रोज सकाळी उठून म्हणायचा, “चल गं, आज काय खायला घालून राहिलेत बघू,” आणि तिचा हात धरून उतार उतरायचा. लातुरात इतक्या वर्षांत त्यानं रस्त्यावर तिचा हात कधी धरला नव्हता. तिथं सांगायचं कुणाला होतं, आणि विचारणारं तरी कोण होतं!

आलू तुडवत असताना सिंधू म्हणाली होती, इथं एक वर्ष पिकतं, दोन वर्षं गारठा खातो. म्हणून हाती येईल ते वाळवून ठेवतात, घरात वाळवलेलं असलं की माणूस घाबरत नाही. हे ऐकताना चांगुणाच्या पायांखाली बर्फ होता आणि डोळ्यांपुढे बहात्तर साल. बिलोलीकडचं गाव, वस्ती, खडी फोडायचं काम, अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी थापता थापता चिरायची. तिची आई सरजाबाई हिच्या चार शेळ्या होत्या. चारा नव्हता. शेळ्या एकमेकींच्या अंगावरचे केस खायला लागल्या तेव्हा सरजाबाई एक दिवस रडली, पोटभर रडली, आणि डोळे पुसून खाटकाकडे गेली. एकीमागून एक चारी गेल्या. मटण ती कापायची, मीठ-हळद चोळायची आणि दारापुढं दोन खुंट्यांना बांधलेल्या दोरीवर टाकायची. त्या चान्या. दुष्काळातलं ते सगळ्यात कडक ऊन, दोन दिवसांत चानी कडकडीत. मग मडक्यात. काही नसलं की मडक्यातली एक काढायची, निखाऱ्यावर धरायची, ठेचायची आणि मिलोच्या भाकरीवर ठेवायची. आणि त्या वासानं मिलोसुद्धा गिळावीशी वाटायची. सरजाबाई धर्मांतराच्या पिढीतली. मेलेल्या ढोराचं मांस वस्तीनं सोडलं ते तेव्हाच, शपथ घेऊन सोडलं, पुन्हा त्याकडं वळून बघितलं नाही. पण वाळवायची कला कुणी कशाला सोडेल? ती शेळीच्या मटणावर आली. चांगुणाचं काम काठी घेऊन कावळे हाकायचं. कावळ्यांपेक्षा मोठा चोर एकच, नांदेडच्या वसतिगृहातून सुटीत येणारा तिच्या आत्याचा देविदास. मामीला बघायला आलो म्हणायचा आणि बोलता बोलता दोरीवरची एक ओढून तोंडात कोंबायचा, अर्धी ओली असली तरी. सरजाबाईला सगळं दिसायचं. ती बरोबर त्याच वेळी पाठ फिरवायची. चांगुणानं काठी उगारायची आणि मारायची नाही, असं दोन सुट्या चाललं, आणि तिसऱ्या सुटीत लग्नाची बोलणी झाली.

मग नवा जिल्हा झाला. लातूर उस्मानाबादेतून वेगळं निघालं तेव्हा देविदास नांदेडच्या कलेक्टर कचेरीत कारकून होता. नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती. नवी कचेरी, नवी जागा, तिथं सगळेच नवे, आपणही नवे, असं म्हणून तो आला. टेबलं आली नव्हती, खुर्च्या आल्या नव्हत्या, जुन्या कागदांवर उस्मानाबाद खोडून वर लातूर लिहायचं. घरी आला की तो ते हसून सांगायचा. कचेरीतल्या लोकांनी एका ओळीत खोल्या घेतल्या होत्या, भिंतीला भिंत. घरमालकानं आडनाव विचारलं, ऐकलं, जरा थांबला, आणि मग किल्ली दिली. त्या जरा थांबण्यावर देविदासचं पुढं सगळं लक्ष. इस्त्री मोडू द्यायची नाही, घरात मोठ्यानं बोलायचं नाही, ‘हाव’ नाही ‘हो’ म्हणायचं. चांगुणाला त्याची कीव यायची आणि कौतुकही वाटायचं. तेव्हा सिंधू अंगावर होती. सरजाबाई नातीला बघायला बिलोलीहून निघाली, नांदेडला गाडी बदलून, अहमदपूरच्या स्टँडवर चहा पिऊन, अंधार पडायच्या आत दारात हजर. फडक्यात चान्या. तिनं हातपाय धुतले आणि बाळंतिणीला ताकद येते म्हणून आधी शेगडी पेटवली. वास सुटला. चांगुणाच्या तोंडाला असं पाणी सुटलं की दूध पिणाऱ्या पोरीलाही ते कळलं असेल. तेवढ्यात शेजारची बाई भिंतीपलीकडून म्हणाली, “काय जळून राहिलं हो, वहिनी?” आणि देविदास दारात जाऊन म्हणाला, “दूध उतू गेलं.” एवढंच. तो सासूवर ओरडला नाही, बायकोवर डोळे वटारले नाहीत. त्यानं नुसती खिडकी उघडली, कचेरीची एक फाइल उचलली आणि तो वास बाहेर घालवायला वारा घालत राहिला, बराच वेळ. सरजाबाई बघत होती. तिनं निखाऱ्यावरची चानी उचलली आणि पदराखाली झाकली. दुसऱ्या दिवशी फडकं होतं तसं बांधून ती निघाली. “नातीला बघायला आले व्हते, बघितलं,” म्हणाली. पुढं ती येत राहिली, मरेपर्यंत येत राहिली, शेंगा आणायची, जवस आणायची. चान्या तिनं पुन्हा आणल्या नाहीत आणि चांगुणानं मागितल्या नाहीत. मागितल्या असत्या तर कुणी नको म्हटलं असतं असं नाही. ते फाइल हलवणं तिच्या डोळ्यांपुढून गेलं नाही, झालं.

देविदास वाईट नव्हता. हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच तिला कधी भांडता आलं नाही. ‘चान्या’ ह्या एका शब्दानं लोकांना फक्त जुनं आठवेल, ओढून नेलेलं ढोर आठवेल, बाकी त्यानं कमावलेलं काहीही आठवणार नाही, अशी त्याला धास्ती. ही धास्ती खोटी होती असंही तिला म्हणता येईना. पण डोंगरावर, त्या दिवशी, ती धास्ती गेली होती! सिंधूच्या कामाच्या गावी ते गेले होते, उघड्या माळावर, गवत सोडलं तर काही उगवत नाही अशा जागी. दम खात खात चालले होते. पुढं मातीचं घर, घरापुढं दोरी. देविदास एकदम थांबला. त्याच्या नाकपुड्या फुगल्या. मग तो झपझप निघाला, ज्याला जिना चढवत नव्हता तो माणूस, आणि कुणाला काही कळायच्या आत त्यानं दोरीवरची एक पट्टी ओढली आणि तोंडात घातली. घरातून टोपीवाली म्हातारी काठी घेऊन धावत आली, तिच्यामागं कुत्रं. “बाबा! विचारायचं तरी!” सिंधू ओरडली. देविदासला ना म्हातारी दिसत होती ना कुत्रं. “चांगुणा,” तो भरल्या तोंडानं म्हणाला, “अगं, चान्या हायत! आपल्या चान्या!” त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हातारी काठी उगारून तशीच उभी राहिली. असा चोर तिनं जन्मात पाहिला नसावा. मग ती हसायला लागली, तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं, आणि आत जाऊन तिनं निखारे आणले. त्या माळावर वास सुटला. चांगुणानं पहिला घास घेतला आणि तिची आई, जिचं तोंड अलीकडं तिला नीट आठवतही नव्हतं, शेगडीपुढं उकिडवी बसलेली, घामानं कपाळावरचं गोंदण चमकणारी, अशी लख्ख दिसली. “चान्या म्हणजे काय?” सिंधूनं विचारलं. जगभरच्या वाळवणांवर लिहिणाऱ्या त्यांच्या लेकीनं हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. तेव्हा देविदासनंच सगळं सांगितलं, आपण होऊन, आपल्या गावच्या बोलीत. मामीच्या दोरीवर डल्ला मारायचा ते, काठी उगारणारी पोरगी ते, खिडकी उघडली तेसुद्धा. “मग आपल्याकडं का नाही करत?” सिंधू म्हणाली. कुणी उत्तर दिलं नाही, पण सगळे हसत होते, आणि चांगुणाला ते हसणंच उत्तर वाटलं होतं.

पाहुणे गेले. अंधार पडायला अजून अवकाश होता. चांगुणा तांब्याभर पाण्यात सगळ्या बशा निभवत होती. देविदास मागं येऊन उभा राहिला. “गुंडप्पाला लई आवडले फोटो,” तो म्हणाला. तिनं पुढची बशी घेतली. “शाकाहारी माणूस हाय तो. त्येला कशाला उगी…” तो म्हणाला आणि थांबला. चांगुणानं शेवटची बशी पालथी घातली. बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. इतकी वर्षं न बोललेलं तोंडातून कसं निघालं तिलाही कळलं नाही.

“त्या दिवशी दूध उतू गेलं व्हतं, आज टमाटे झाले,” ती म्हणाली. “उद्या मी मेल्यावर मी कोण व्हते म्हणून सांगाल लोकांला?”

 देविदास हॉलमध्ये गेला, टीव्ही बंद असताना टीव्हीपुढं बसला. दुसऱ्या दिवशी भाजी कशी झालीय तेही बोलला नाही. चांगुणाला वाटलं, आपण फार टाकून बोललो. मग वाटलं, नाही, बरोबर बोललो. मग दोन्ही वाटेनासं झालं. म्हातारपणी भांडायची सवय नसलेल्या माणसांनी भांडू नये, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. त्याच्या पुढच्या सकाळी तो पिशवी घेऊन बाहेर गेला. आला तो स्वयंपाकघरात न येता सरळ जिन्यानं गच्चीवर गेला. खाली आला, विळी घेऊन गेला. पुन्हा आला, मिठाचा डबा घेऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा “हळद कुठं हाय?” असं दुसरीकडंच बघत म्हणाला. चांगुणानं हळद दिली.

चैतातलं ऊन फरशीवर पाय ठरू देत नव्हतं. साडेदहाचा सुमार, आणि नेमका तेव्हा गल्लीत टँकर आला. घागरी, कळश्या, निळे ड्रम, सगळी गल्ली रस्त्यावर. गेले आठवडाभर टीव्हीवर एकच बातमी, लातूरला रेल्वेनं पाणी; तेच पाणी का दुसरं ह्यावर रांगेत वाद. रांगेतली माणसं पाईप आपल्यापर्यंत येईस्तोवर करणार काय? वर बघत होती. सोनकांबळे साहेबांची गच्ची सगळ्यांना दिसते, एका मजल्याचंच घर. चांगुणा ओट्यापाशी उभी होती, खिडकीतून तिला रांग दिसत होती आणि देविदास दिसत नव्हता. वरून फक्त आवाज येत होता, “हाड! हाड!” म्हणजे कावळे आले. पोरवयात तिनं केलेलं काम निवृत्त नायब तहसीलदार करत होता. तिला हसू येऊ घातलं आणि मधेच अडकलं, कारण गुंडप्पांनी घागर खाली ठेवून मान वर केली होती.

“साहेब! पापड घालून राहिलात की काय?”

प्रेमानं विचारलं होतं. उत्तरही आपणच आणून दिलं होतं. वरून नुसतं हाव म्हटलं की झालं. हावही नको, मान हलवली की झालं. रांगेतली सगळी डोकी वर. चांगुणानं ओट्याची कड घट्ट धरली. गॅसवर डाळ शिजत होती, शिट्टी व्हायच्या बेतात आलेली, आणि तिला वाटलं आत्ता शिट्टी झाली तर ऐकू येणार नाही, म्हणून तिनं गॅस बंद केला. वर शांतता. ती फार लांबली. त्या शांततेत तिनं आपल्या मनाशी नवऱ्याला माफसुद्धा करून टाकलं. म्हणा पापड, म्हातारपणी कशाला छळ, म्हणा.

“पापड न्हाईत, गुंडप्पा,” देविदासचा आवाज आला. तो नायब तहसीलदाराचा आवाज नव्हता, वसतिगृहातून सुटीला आलेल्या पोराचा होता, आणि गरजेपेक्षा कितीतरी मोठा. “चान्या हायत! चान्या! मटणाच्या. माझी मामी करायची, चांगुणाची माय. आन् त्या दिवशी फोटोत बघितल्या त्याबी चान्याच व्हत्या. टमाटे म्हणलो मी, ते झूट!”

गुंडप्पांचं तोंड उघडं राहिलं. ते अहाहा म्हणाले नाहीत. ह्या कानापासून त्या कानापर्यंत लाल झाले, खाली बघितलं, वर बघितलं. “बरं बरं,” ते म्हणाले. आणि मग, कारण पाईप पुढं सरकला होता आणि मागच्या बाया ओरडायला लागल्या होत्या, त्यांनी घागर उचलून पुढं ठेवली. कुणीतरी नाक मुरडलं असेल. कुणीतरी हसलंही. पाणी घागरीत पडत राहिलं.

चांगुणा गच्चीवर आली तेव्हा तिला धाप लागली होती. देविदास दोरीखाली काठी घेऊन उभा होता, डोक्यावर रुमाल, शर्टावर हळदीचे डाग, चेहरा परीक्षा देऊन आलेल्या माणसाचा. तिला त्याला काहीतरी फार मोठं सांगायचं होतं. ती आयुष्यात कधी एवढी सुखी झाली नव्हती. तेवढ्यात तिचं लक्ष दोरीकडे गेलं.

“अवो, हे काय?” ती म्हणाली. “एवढ्या जाड? ह्या काय जन्मात वाळत्यात? कुजतील सगळ्या!”

“चोरून खायला शिकलो,” देविदास पडेल आवाजात म्हणाला. “कापायला कुणी शिकवलंच न्हाई.”

“काढा समद्या. द्या ती विळी इकडं.”

तिनं पदर खोचला आणि ती कठड्यालगत, सगळ्या गल्लीला दिसेल अशी, विळीवर बसली. मटणाचा गोळा पात्याला लावला आणि फिरवायला घेतला. हात विसरले नव्हते. एक तुकडा वळत वळत उलगडत गेला, न तुटता, हातभर, दोन हात. देविदास उकिडवा बसून बघत राहिला. “केवढी पातळ पाहिजे?” त्यानं विचारलं. तिनं ती पट्टी दोन्ही हातांनी उन्हासमोर ताणून धरली. “उजेड पलीकडं दिसला पाहिजे,” ती म्हणाली, खाली रांगेतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.